अक्कांच्या खालचं नाव

बेंगळुरूच्या जे. पी. नगरमधल्या आम्हा काही मराठी घरांनी एकट्या राहणाऱ्या वृद्धांना दुपारचा डबा पोचवायचं ठरवलं, तेव्हा यादीचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं. पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. एकेक नाव बघायचं. 'आज नको' कळवलेलं नाव यादीतून काढायचं, नाहीतर नाव-पत्ता डबे पोचवणाऱ्या रिक्षावाल्याला पाठवायचा.

काही दिवसांनी निपाणीकडच्या एका अण्णांचा डबा अधूनमधून चुकू लागला. अण्णा मधुमेही, वेळेवर जेवले नाहीत की हात थरथरतात. मी रिक्षावाल्यावर चिडलो. "सर, मेसेजमध्ये त्यांचं नावच नव्हतं," तो हिंदीत म्हणाला. मी ऐकूनच घेतलं नाही.

शेवटी अण्णांचा फोन आला. "माझा डबा बंद कर बाबा. वरच्या मजल्यावरच्या अक्का मुलीकडं गेल्या की मला उपास. माझा डबा पण नेतात की काय त्या?"

ते हसले. मी यादी उघडली. यादीतही अक्कांच्या खाली अण्णाच होते. अक्कांनी 'आज नको' कळवल्यावर त्यांचं नाव काढलं की अण्णा एक जागा वर सरकत, आणि प्रोग्रॅम तोवर पुढच्या जागेवर गेलेला असे. मधल्या मधे अण्णा उपाशी.

बायको समोर मेथी निवडत होती. मी विचारलं, "खराब पानं काढून टाकतेस ना?"

"ती कुठं शोधत बसू? चांगली तेवढी ताटात घेते. उरलेलं राहतं कागदावर."

निवडणं! आणि मी इतके दिवस काढत बसलो होतो. एकेक नाव बघत काढणारा सगळा लूप पुसला आणि एकच ओळ लिहिली: जुन्या यादीतून, ज्यांना डबा हवा आहे, ती नावं नव्या यादीत घे. जुन्या यादीला हातच लावायचा नाही. मग नव्या यादीतले पत्ते पाठवायचे.

सकाळी रिक्षावाल्याची माफी मागितली. "बिडी सर," तो कन्नडमध्ये म्हणाला. म्हणजे, जाऊ द्या. मला मात्र जाऊ देता येईना. अण्णांना सगळं खरं सांगितलं; ते म्हणाले, "आठवडाभर बघतो. मग ठरवू."

गुरुवारी अक्का मुलीकडे गेल्या. दुपारभर मी ऑफिसात फोनकडे बघत होतो. मग तो वाजला.

"डबा आला. पण आमटीत मीठ स्वल्प कमी आहे. उद्यापासून नीट घालायला सांग."