पाटकऱ्याचं वाचन

आधी पाटाच्या पाण्यात हात धुवायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे, मग मांडीवर पुस्तक घेऊन सगळ्यांकडं बघायचे आणि विचारायचे, "कालचं कोन सांगतंय?" कालचं कुणीतरी नीट सांगितल्याशिवाय आजचं पान उघडायचं नाही. मग आपला जो तो दुसऱ्याकडं बघतोय!

तुम्हाला वाटेल, शाळामास्तर असतील. छे हो. आमच्या सणसरजवळच्या पाटावर पाटकरी होते. कुणाच्या उसाला पाणी कधी सोडायचं, कुणाची पाळी संपली, हे बघायचं त्यांचं काम. मूळचे कुठले, कुणाला ठाऊक नव्हतं. पाटावरच्या चौकीत एकटेच राहायचे. सगळे तात्या म्हणायचे, म्हणून मीही तात्याच म्हणते. स्वराज्य येऊन पाच-सात वर्षं झाली असतील. मी घरात नवी सून होते.

दुपारी रानातली कामं थांबली की चौकीपुढच्या लिंबाखाली दहा-पंधरा माणसं जमायची. बायका एकीकडं, गडी एकीकडं. देणं-घेणं काही नाही. कुणी विचारलंच तर तात्या म्हणायचे, "ऐकायचं आन् भांडायचं. एवढीच फी हाय." जुनी, जाडजूड पुस्तकं असायची. पान-दोन पानं झाली की मिटायचे. "आता तुमी बोला. मी दमलो."

आणि माणसं बोलायची! एकदा गोष्टीतली बाई नवऱ्याचं घर सोडून निघाली. आमच्या गल्लीतले आबा तावातावानं म्हणाले, "चुकलं तिचं. कसंबी असलं तरी घर ते घर."

बायकांतून एक म्हातारी म्हणाली, "आबा, तुमी चार दिस ऱ्हा त्या घरात. मी भाकरी बांधून देते."

आबांसकट सगळे हसले. तात्या तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "आबा, खरंच सांगा, ऱ्हाल का?"

मी लांबून अक्षरं बघायची, ते त्यांनी हेरलं होतं. सासऱ्यांना विचारून मला पुस्तकाजवळ बसवलं, हातात गवताची काडी दिली. ते वाचतील त्या ओळीवरून काडी फिरवायची. मी शाळेत कधी गेले नाही. त्या काडीनं मला वाचता आलं.

आता एक सांगायचं म्हणजे, आम्हाला पोथी माहीत होती, गोष्टीचं पुस्तक नव्हतं. पोथीतलं अक्षर गाळायचं नाही आणि पोथीत आहे ते खोटं होत नाही, एवढं पक्कं. म्हणून कुणी पुस्तकाला हळदकुंकू लावायचं, कुणी फूल ठेवायचं. तात्या कावायचे, "अगं, ही पोथी न्हाय. मानसानं लिव्हलेली गोष्ट हाय." फूल मात्र काढून टाकायचे नाहीत.

पहिली पानं गेलेलं एक पुस्तक त्यांनी लावलं होतं, त्यांचं स्वतःचं. त्यातला पोरगा तापानं पडला, आई उशाशी बसली. आणि इकडं माझ्या शेजारणीचा, ठकूचा, बाळूही तसाच तापानं पडलेला. बारामतीच्या डॉक्टरांचं औषध चालू होतं, उतार नव्हता. ठकू पोराला सासूच्या मांडीवर ठेवून तासभर यायची. त्या दिवशी तिनं पुस्तकाला कुंकू लावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "ह्यातलं पोर उठलं की माझंबी उठंल."

तात्यांचा चेहरा उतरला. "ठकू, गोष्ट हाय ही."

"व्हय की. पन तुमी वाचा."

दुसऱ्या दिवशी काडी माझ्या हातात होती. ओळीत लिहिलेलं, पहाटे पोराचा हात आईच्या हातात गार पडला. आणि तात्यांचा आवाज म्हणत होता, "पहाटं पोरानं डोळं उघडलं. पानी मागितलं." माझी काडी थांबली. त्यांनी माझ्याकडं न बघता पुस्तक स्वतःकडं ओढून घेतलं आणि पुढं वाचत राहिले, नव्हतं ते. ठकूनं सगळ्यांना गूळखोबरं वाटलं.

पाचव्या दिवशी बाळू गेला.

तेराव्यानंतर ठकू पाटावर आली. सरळ तात्यांच्या मांडीवरचं पुस्तक उचललं. "ह्यानं फशिवलं मला!" म्हणाली, आणि पाण्याकडं हात उगारला.

तात्या उठले. "त्येला टाकू नगंस बाई. त्येनं न्हाय फशिवलं. त्यात पोरगं जातंच. मी बदाललं."

मग आबा हळूच म्हणाले, "अक्षर बदाललं? तात्या, मंग दुसरं काय हुनार हुतं?"

झालं. तात्यांनी अक्षर फिरवलं म्हणून पोर गेलं, हेच गावभर झालं. त्यांनी ते कुणासाठी केलं, हे मी बघितलं होतं. माझ्या तोंडातून एक वाक्य निघायला हवं होतं. पण समोर सासरे बसले होते. मी पदर पुढं ओढला.

लिंबाखाली पुन्हा कुणी गेलं नाही. तात्यांनी बदली मागून घेतली, इंदापूरच्या बाजूला गेले. ते पुस्तक आमच्या ओट्यावर ठेवून गेले. मला हाकही मारली नाही.

दोनेक वर्षांनी एका दुपारी मी ज्वारी निवडत होते, तर ठकू येऊन शेजारी बसली. "ते पान वाच. हाय तसं."

मी वाचलं. वाचताना मलाच हुंदका आला, तिला नाही.

"तिनं हात सोडला का गं?"

"न्हाय. उजाडंपर्यंत धरून बसली."

"मीबी न्हाय सोडला." मग बराच वेळ सुपातली ज्वारी निवडत राहिली. "तवाच वाचलं असतं तर बरं झालं असतं. ती आन् मी, दोघी हुतो आमी." जाताना म्हणाली, "तात्याला सांग, माझा राग न्हाय."

मालकांचं इंदापूरला काम निघालं तेव्हा मी हट्टानं बरोबर गेले. विचारत विचारत पाटावरची चौकी गाठली. तिथं दुसराच पाटकरी होता. म्हणाला, "तात्या व्हय? गेल्या थंडीत वारले की. लई गरीब मानूस."

"इथं वाचायला बसायचे का हो ते?"

"वाचायला?" तो हसला. "न्हाय वो बाई. पेपर म्होरं धरला तरी म्हनायचे, तूच वाच. पाळीची नावं तेवढी लिव्हायचे. आमाला वाटायचं, मानूस अडानीच हाय."