दांड्याचं कपाट

समोरच्या वहिनींबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला त्यांची माहिती ती किती? चौदा वर्षं आमची दारं समोरासमोर होती, आणि आमचं सगळं बोलणं एकत्र केलं तर तासभरही भरणार नाही. मी घरातच दुकान मांडून घड्याळं दुरुस्त करायचो, मान खाली घालून. पुढचं बरंचसं त्यांच्या यजमानांनी नंतर माझ्या दुकानात बसून सांगितलेलं आहे. काही चुकलं असेल तर ते माझं.

वहिनी अंडी उबवून द्यायच्या. आधी घरच्या कोंबड्या बसवायच्या, पण कोंबडी खुडूक होऊन अंड्यांवर बसणार ती तिच्या मर्जीने. लोक अंडी घेऊन दारात उभे आणि कोंबडी आपली अंगणभर हुंदडतेय, असं व्हायचं. शेवटी दोघं यंत्र घ्यायला गेले. दुकानात दोन कपाटं होती. दोन्ही माणसाच्या उंचीची, काचेच्या दाराची, आत पंखा, पाण्याचं ताट आणि चार कप्पे. फरक एकच. एकात अंड्यांचे ट्रे मोटर आपोआप कलते करायची, दुसऱ्यात त्यासाठी बाहेर लोखंडी दांडा होता. अंडं एकाच कुशीवर पडून राहिलं की आतला जीव टरफलाला चिकटतो, म्हणून दिवसातून पाच वेळा ते कलतं करावंच लागतं.

"मोटरचं घेऊ या," यजमान म्हणाले.

"मोटर बिघडते. हात बिघडतो का?" वहिनी म्हणाल्या. "आणि मी मेली कुठं जाणार आहे?"

दांड्याचं कपाट घरी आलं. दर गुरुवारी एका कप्प्यात अंडी भरायची. अठराव्या दिवशी, म्हणजे सोमवारी, ती तळच्या कप्प्यात उतरवायची. तिथं ती हलवायची नाहीत. गुरुवारी टरफलं फुटायची, आणि त्याच दिवशी रिकाम्या कप्प्यात नवी अंडी. जुन्या अंड्यांची ऊब नव्यांना मिळायची, त्यामुळे काटा सदतीस अंशांच्या थोडा वर ठाण मांडून बसायचा. पिल्लं अशी निघायची की लोक वाखाणायचे. फक्त कपाट कधी रिकामं व्हायचं नाही. सहा, दहा, दोन, सहा, दहा. गजर झाला की वहिनी हातातलं टाकून उठायच्या. बहिणीच्या घरचं लग्न चुकलं. भावाच्या आजारपणात फोनवरच रडून झालं. गल्लीतल्या बायका पाठीमागे त्यांनाच 'खुडूक' म्हणू लागल्या. वहिनींच्या कानावर गेलं तेव्हा म्हणाल्या, "अगं, ती बरी. एकवीस दिवसांनी उठते तरी."

"आई, आता तरी मोटर बसवून घे," मुलगी फोनवर म्हणायची.

"बसवायची तर कपाट रिकामं करावं लागतं, बाई."

"मग कर की!"

"पुढच्या महिन्यात बघू."

असे किती पुढचे महिने गेले कोण जाणे. यजमानांच्या हाती दांडा देण्याची सोय नव्हती. ते दिवसभर गाडीतून पिल्लं पोचवायचे, आणि एकदा दोन दिवस सोपवला होता तेव्हा निम्मी अंडी आतल्या आत गेली होती.

मग मुलीला दिवस गेले. "बाळंतपणाला तू हवीस," ती म्हणाली. या वेळी वहिनींनी बोटं मोजली आणि कोणाला न सांगता ठरवलं. दोन गुरुवार अंडी भरायचीच नाहीत. तिसऱ्या गुरुवारी शेवटची पिल्लं निघतील, कपाट रिकामं होईल, आणि मुलीची तारीख त्यानंतर तीन दिवसांनी. यजमानांना सांगितलं असतं तर त्यांनी गिऱ्हाइकांची यादी वाचून दाखवली असती, म्हणून गप्प राहिल्या. आलेली अंडी गार खोलीत ठेवून दिली आणि परत नेण्याचे निरोप मनात जुळवू लागल्या.

दुसऱ्या गुरुवारी यजमान लवकर घरी आले. वहिनींचा डोळा लागला होता. कपाटात दोन कप्पे रिकामे बघून त्यांना वाटलं, बिचारी दमली, विसरली. त्यांनी पायांचा आवाज न करता दोन्ही कप्पे भरले, ज्याच्या त्याच्या अंड्यावर पेन्सिलीने खूण केली, आणि अंगणात जाऊन सगळ्यांना फोन करून पिल्लांची तारीखही कळवून टाकली.

सहाला वहिनींनी दांडा ओढला. तो जड लागला.

"अहो, हे काय केलंत?"

"तुझं काम हलकं केलं," ते खुशीत म्हणाले.

वहिनींनी ट्रे बाहेर ओढला. अंडी कोमट झाली होती, आता बाहेर काढली तर वाया जाणार. प्रत्येकावर कोणाची ना कोणाची खूण होती. बराच वेळ तो ट्रे त्यांच्या हातांवर होता, असं यजमान म्हणाले. मग त्यांनी तो आत सरकवला, दार लावलं आणि तेव्हा कुठं मुलीचं नाव काढलं. यजमान कपाळावर हात मारून खाली बसले. "एका शब्दाने बोलली असतीस!"

नात झाल्याचं वहिनींना फोनवर कळलं. त्याही वेळी त्या दांड्यापाशीच उभ्या होत्या म्हणे. पिल्लं निघाली तेव्हा नात अकरा दिवसांची होती. त्याच दुपारी त्या गेल्या आणि परत आल्या नाहीत. मुलीकडेच राहिल्या, चार वर्षांनी तिकडेच वारल्या. कपाट अजून समोरच्या पडवीत आहे, दार उघडं.

आमचं शेवटचं बोलणं झालं ते दांडा जड लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. वहिनी गजराचं घड्याळ न्यायला आल्या होत्या. मला तेव्हा यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"झालं का, भाऊजी?"

"तेल दिलंय. चालेल आता."

त्यांनी घड्याळ कानाला लावलं. लगेच निघाल्या मात्र नाहीत.

"तुम्ही दिवसभर इथंच असता ना?"

"इथंच. मी कुठं जाणार?"

"दुपारीही?"

"दुपारीही."

त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. मी एका घड्याळाची कमान बसवत होतो, त्यामुळे मान वर केली नाही.

"हात स्थिर आहे हो तुमचा."

"सवय."

"बरं," वहिनी म्हणाल्या. "निघते. दहा वाजत आले."

"या," मी म्हणालो.