लांबून दिलेला खो

मुलगी अकरावीत होती तेव्हा तिच्या गुडघ्यांच्या मागचं इसब पुन्हा उफाळलं. लहानपणापासून ते येऊन-जाऊन होतं, पण या वेळी कातडीला भेगा पडल्या. ती खो-खो खेळते. खो-खोत निम्मा वेळ रांगेत उकिडवं बसायचं असतं आणि नेमकी तीच जागा मुडपते. उपनगरच्या संघाची निवड चाचणी पुढच्या महिन्यात होती. तिने सरळ सांगितलं, "आई, पळता येतंय. बसता येत नाहीये."

त्वचेच्या डॉक्टर मोजकं बोलणाऱ्या होत्या. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, अंग घासायचं नाही, टिपायचं. कातडी ओलसर असतानाच मॉइश्चरायझर, लाल चट्ट्यांवर मलम, सकाळी आणि संध्याकाळी. "औषध चांगलं आहे, फक्त ते ट्यूबमध्ये राहायला नको," त्या म्हणाल्या आणि मुलीकडे बघून हसल्या. मुलगी हसली नाही.

मी दिवसभर अंधेरीला ऑफिसात, ती मुलुंडला कॉलेजात, नाहीतर घाटकोपरच्या मैदानावर. मी आमच्या दोघींच्या फोनवर मिळून चालणारा रिमाइंडर लावला. "मलम लाव." तिने बटण दाबलं की माझ्या फोनवर हिरवी टिक यायची. संध्याकाळी मीटिंगमध्ये बसल्या बसल्या टिक दिसली की मी तो विषय डोक्यातून काढून टाकायचे.

काही दिवसांनी तिचे गुडघे पाहिले. टिक रोजच्या रोज हिरवी आणि कातडी होती तशीच लाल. ट्यूबही जवळजवळ भरलेली. मला रागापेक्षा नवल वाटलं. ही मुलगी खोटं बोलणाऱ्यातली नाही, बोलली तर दोन मिनिटांत पकडली जाते.

"टिक कशाची करत होतीस गं?"

"ते वाजायचं थांबावं म्हणून. टिक नाही केली तर परत परत वाजतं ना."

"मग मलम?"

"तेव्हा मी मैदानावर असते, आई. मलम घरी. सगळ्यांसमोर स्क्रीनवर 'मलम लाव'. सगळ्या मला मलमवाली म्हणतात, यार."

मी वेळ बदलली. ट्यूब बॅगेत ठेवायला सांगितली. मजकूर बदलून नुसतं "ये" केलं, तर मैत्रिणी विचारायला लागल्या, कोण बोलावतंय रोज? वाट लागली, असं तिचं म्हणणं. घामट, मातीने भरलेल्या पायांवर मलम लावून उपयोग नाही, हेही तिनेच मला सुनावलं. ते बरोबर होतं.

शेवटी एका रविवारी पोहे खाता खाता ती म्हणाली, "तुला खो देता येत नाही."

"म्हणजे?"

"खो मागून द्यायचा असतो. बसलेल्याच्या पाठीला हात लावून. तू अंधेरीहून ओरडतेस. लांबून ओरडलं तर फाउल."

मी पोहे खायची थांबले. वर्षानुवर्षं हिचे सामने बघत आले, पण हा नियम घरात लावून बघायचं मला सुचलं नव्हतं. मी विचारलं, "मग पाठीला हात कुठे लागेल?" तिलाही माहीत नव्हतं. आम्ही दोघी दिवसाचे तास एकेक करून तपासायला लागलो, की ती घरी असते, पाय स्वच्छ असतात आणि ट्यूब हाताशी असते, असं नेमकं कधी होतं. सकाळची आणि मैदानावरून आल्यावरची आंघोळ सोडून दुसरं काही सापडेना.

ती फोन बाथरूमच्या खिडकीत ठेवून गाणी लावते. त्यावरून मी इतकी वर्षं बोलत आले. आता तिने दोनच गाणी ठेवली आणि ती संपली की लगेच वाजेल असा तिच्या कर्णधाराचा आवाज जोडला. मैदानावरच रेकॉर्ड केलेला, घसा फोडून दिलेला "खो". पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी ओट्यापाशी दचकले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी "तुमच्याकडे भांडण झालं का?" असं लिफ्टमध्ये विचारलं.

पण आंघोळ थोडक्यात आटोपायला लागली. मॉइश्चरायझरची बाटली आणि ट्यूब साबणाशेजारी आली. माझ्या फोनवर आता टिक येत नव्हती. ट्यूब मात्र खालून वळत चालली होती.

"माझं ऐकत नव्हतीस, कर्णधाराचं कसं ऐकतेस?" मी खरोखर जाणून घ्यायला विचारलं.

"ऐकायचं काय त्यात? खो मिळाला की उठायचं. विचार करत नाही आपण."

चाचणीला मी रजा काढून गेले. आपली मुलगी नीट धावते की नाही हे सगळ्या आया बघत होत्या. मी बघत होते ती कशी बसते ते. ती बसली, उठली, पुन्हा बसली. एकदा गुडघ्याकडे हात नेला, पण चड्डीची कड सारखी करून सोडून दिला. मैदानाबाहेर आल्यावर मी वाकून बघायला लागले तर म्हणाली, "आई, इथे नको गं."

घरी आल्यावर पाहिलं. चट्टे फिकट झाले होते, कातडी अजून खरखरीत, पण भेग एकही नव्हती. संघात कोण कोण, ते दोन दिवसांनी कळणार होतं.

"बसताना दुखलं का?"

तिने पाणी पिता पिता जरा विचार केला.

"बघायचं राहून गेलं."