मैदानाचं उद्घाटन आणि आमचा सामना

शहरातल्या आदिवासी मुलींच्या वसतिगृहात मी खो-खो शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. आठवली की अजून डोकं फिरतं. आवारात नवंकोरं मैदान तयार होतं, खांब रोवलेले, चुन्याच्या रेघा मारलेल्या. पण उद्घाटन व्हायचं होतं ना! पाहुण्यांनी नारळ फोडेपर्यंत त्यावर पाऊल ठेवायचं नाही, असा गृहपालबाईंचा हुकूम. त्यामुळे महिनाभर आमचा सराव गाड्या लावायच्या जागेत, गुडघे फोडून घेत.

आमची कर्णधार कन्नड तालुक्याकडच्या डोंगरातल्या भिल्ल वस्तीवरची. आली तेव्हा मान वर करत नव्हती. दोन वर्षांत पंचांशी हुज्जत घालायला लागली. बापानं तिला सांगून ठेवलं होतं, राज्याच्या शिबिरात निवड झाली तर शीक, नाहीतर दिवाळीनंतर आमच्यासंगं ऊसतोडीला चल. निवडीचा सामना सकाळी अकरा वाजता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आणि पाहुण्यांना नेमका तोच दिवस मोकळा सापडला, सकाळी नऊला.

"मुली नाचल्या की लगेच सोडते," गृहपालबाई म्हणाल्या. आदिवासी म्हटलं की नाच आलाच, वर डोक्याला पिसं बांधायची हौस. यांच्या वस्तीवर कुणी पिसं बांधत नाही, हे सांगून सांगून मी थकले. शेवटी खेळाच्या कपड्यांवरूनच पोरींना लुगडी नेसवली.

साडेनऊला निरोप आला, साहेब क्रांती चौकात पोचलेत. दहालाही साहेब क्रांती चौकातच. कर्णधार माझ्याजवळ आली.

"मॅडम, निघायचं का आता?"

"पाच मिनिटं थांब," मी म्हटलं.

साहेब आले आणि सत्कार सुरू झाले. शाल, श्रीफळ, परत शाल. मांडववाल्याचासुद्धा सत्कार झाला. ती पुन्हा आली. गृहपालबाईंनी तिकडून डोळे वटारले. माझी नोकरी कंत्राटी, दरवर्षी त्यांच्याच शेऱ्यावर वाढणारी.

"बस जरा," मी म्हटलं. ती बसली. तिसऱ्यांदा काही आली नाही.

नाच उरकून रिक्षांनी सामन्याचं मैदान गाठलं तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. समोरच्या संघाला न खेळताच पुढे चाल देऊन टाकली होती. मी पंचांवर तोंड सोडलं. वाहतुकीला, पाहुण्यांना, त्या मांडववाल्यालाही नावं ठेवली. पंच बिचारे घड्याळ दाखवत राहिले.

कर्णधार लुगड्याचा बोळा करत उभी होती. "त्यांना कशाला बोलता, मॅडम," ती म्हणाली. "मी दोनदा इचारलं व्हतं. तुमीच बस म्हनले."

ती माझ्याशी का भांडली नाही, म्हणून मी पुढं कितीतरी दिवस तिच्यावरच चिडत होते. पण त्या सकाळी भांडायचं काम माझं होतं. दिवाळीनंतर ती ऊसतोडीला गेली.