पृथ्वीला घातलेली आंघोळ

"टाक! टाक बे खाली! बाटवलंस!"

मास्तर असा किंचाळला की चार कोसांवरच्या युसूफ वडगावात बांधलेल्या म्हशी दावी तोडून पळाल्या. खोटं वाटत असेल तर म्हशींना विचारा. माझ्या हातात पृथ्वी होती. शाळेत नवाच आलेला कागदी पृथ्वीगोल. पाटलाच्या पोरानं तो गरगर फिरवला, एवढा की खुंटीवरून निसटला, उंबरा ओलांडून बाहेर आला आणि पायरीवर माझ्या मांडीत पडला. मी महाराचा. माझी जागा पायरी. मी झेलला नसता तर सगळं जग गटारात गेलं असतं.

मी टाकला नाही. हळूच खाली ठेवला. त्याबद्दल निरगुडीची छडी तुटेपर्यंत पाठीत बसली.

गंमत ऐका. दुसऱ्या दिवशी शाळा तपासायला साहेब येणार, म्हणून त्याच सकाळी मास्तरनं आमच्याकडून घोकून घेतलं होतं : "आपण साऱ्या जगाचे रहिवासी. चिनी आपला भाऊ, हबशी आपला भाऊ." मीही पायरीवरून बोंबलून म्हटलं होतं. दाराबाहेरचा कोण, ते त्या पाठात नव्हतं.

मग मास्तरनं गोमूत्र मागवलं. शिंपडलं नाही, ओतलं. तांब्यावर तांब्या. वरून राखेनं घासलं. कागदाची पृथ्वी ती! समुद्र सुटले. हिंदुस्थान फुगून भाकरीएवढा झाला आणि गळून पडला. आतून रद्दीचा लगदा निघाला. दुपारच्या उन्हात तो आंबला. विलायतेवर माशा बसल्या. पाटलाचं कुत्रं दोन दिवस जेवलं नाही. मला अजून ओकारी येते. शेणामुताची नाही, त्यात तर आमचे हात रोजचेच. त्या धुणाऱ्या हातांची.

"मास्तर," मी विचारलं, "केजहून गोलाची पेटी माझ्या बानं डोक्यावर आणली, वेठीनं. तवा कावून न्हाई बाटली?"

"तवा पेटी बंद होती बे!"

असं म्हणून तो जवळ आला. म्हणजे पाच हातांवर. "उद्या साहेबाला सांगायचं, गोल मीच भिजवला, खेळताना. सांगितलंस तर पायरी तुझी. न्हाईतर शाळा बंद."

ती पायरी मला लई प्यारी होती. पावसात भिजत, उन्हात भाजत मी तिच्यावरच वाचायला शिकलो होतो. महारवाड्यात दुसऱ्या कुणाला अक्षर येत नव्हतं.

साहेब आले. शेरवानी, रुमाल, अत्तर. लगदा बघून रुमाल नाकाला लावला. "ये क्या है?"

मास्तरनं माझ्याकडं बोट केलं.

थापा मारण्यात पंचक्रोशीत माझा हात कुणी धरत नव्हता. वाघाला बैलासारखा औताला जुंपला असं सांगून मी लोकांकडून माना डोलावून घेतल्यात. पण तेवढी एक थाप घशातून निघेना. मी म्हणालो, "मी झेलला. मास्तरनं धुतला. गोमूत्रानं."

साहेब हसले. मग काय वाटलं, दोन पावलं मागं सरले. मास्तरपासून नाही. माझ्यापासून.

थू! मास्तराची किळस होतीच. पण खरी किळस आली ती स्वतःची. जिथून ही माणसं मागं सरतात, ती जागा मी प्यारी म्हणत होतो. पाटी उचलली आणि घरी आलो.

आठ दिवसांनी मास्तर महारवाड्याच्या हद्दीवर उभा. एक पाऊल पुढं नाही. साहेबानं त्याच्याकडं लेखी जाब मागितला होता.

"खोटं बोललो म्हणून लिहून दे, बाबा," मास्तर लांबूनच ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा मला बाबा म्हणाला. "पायरी परत देतो. कायमची दिली बघ तुला!"

बा खाली मान घालून उभा.

मी म्हणालो, "खोटं न्हाई लिहायचो. आत बसवत असाल तर शाळंत येतो. पायरीवर न्हाई बसायचो."