आधी तुमी उचला

फुलाबाईला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही. सासूचा डोळा चुकवून तिनं कितीदा माहेरी निरोप धाडले होते. पण भैरोबापुढं बेल-भंडार हातात घेऊन खोटं बोलायचं, म्हणजे देवाच्या डोळ्यांत माती टाकायची. सगळं पाली गाव असंच मानायचं, आणि हे रावसाहेबांना पक्कं ठाऊक होतं.

रावसाहेब म्हणजे संस्थानचे फिरतीचे अंमलदार. त्यांच्या मुक्कामाला गावच्या बायका वेठीनं पाणी वाहायच्या. गेल्या खेपेला फुलाबाईची गरोदर सून घागरीसकट घसरली आणि पोटातलं गेलं. भोरचा नूरुद्दीन बांगड्या भरायला आला, तेव्हा फुलाबाई त्याच्यापाशी रडली. त्यानं ते लिहून पुण्याच्या वर्तमानपत्राला धाडलं. छापून आलं, आणि रावसाहेबांना वरून जाब विचारला गेला.

आता अख्खं गाव देवळासमोर उभं होतं.

"पत्र कुणी लिहिलं ते ठाऊक नाही, असं म्हणत एकेकानं बेल-भंडार उचला," रावसाहेब म्हणाले.

बाकीच्यांना खरंच ठाऊक नव्हतं. रांग भराभर पुढं सरकत होती. नाव फुटलं की नूरुद्दीन बायकोपोरांसकट हद्दपार. फुलाबाईची पाळी आली.

"उचल की गं," मागून ठकुबाई कुरकुरली. "म्हशी तशाच बांधल्यात घरी."

फुलाबाई पुढं झाली. ताटातला भंडारा बघितला, हात पदराखाली घेतला.

"म्या न्हाई उचलायची. झालेलं सांगितलं म्या, पन लिवणाऱ्याचं नाव सांगायची न्हाई."

"काय?"

"आधी तुमी उचला, रावसाहेब. बायकांनी फुकट पाणी न्हाई वाहिलं, असं म्हना."

ताट धरलेल्या गुरवानं ते त्यांच्याकडं फिरवलं. रावसाहेबांचा हात काही पुढं येईना. सगळं गाव त्या हाताकडं बघत होतं.

"हिला चावडीत बसवा!" ते ओरडले.

सोनबा पाटील जागचे हलले नाहीत. "बसवतो की, सरकार. पन आठ दिसांत ह्येबी छापून येईल."

"कोण छापतो बघतोच!"

"छापणारा पुण्याला हाय. तिथं आपली चावडी न्हाई."

रावसाहेब घोड्यावर बसले. फुलाबाई देवळाच्या पायरीवर बसली.

पुढच्या मुक्कामाला रावसाहेब आले, तेव्हा त्यांच्या मागोमाग भोरहून पाण्याची पखाल लादलेला बैल आला.