तब्येत सुधारलेली मुलगी

मैदानावर तिला सगळे ‘काडी’ म्हणत, आणि ते तिला आवडायचं. लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारी मुलगी. सरांची शाबासकी ठरलेली: “आज हलकी पळालीस.” आणखी हलकं व्हायच्या नादात तिने आधी रात्रीचं जेवण सोडलं, मग सकाळचं खाणं. पाळी थांबली तेव्हा एक कटकट गेली असंच तिला वाटलं. मग सरावात, कुठेही न पडता, नडगीच्या हाडाला चीर गेली आणि घरच्यांचे डोळे उघडले.

हाड जुळलं. खाण्याच्या आजारावरचे उपचार मात्र अजून चालू होते. धावायचं कधी, हे डॉक्टरीणबाई ठरवणार होत्या. अट साधी होती: ठरल्या वेळी ठरलेलं खायचं, वजन घसरता कामा नये. वजन करताना काट्याकडे पाठ करून उभं राहायचं. आकडा तिला कुणी सांगत नसे. आई घरीच शिवणकाम करायची. तिने लेकीच्या सगळ्या कपड्यांवरचे मापाचे बिल्ले उसवून टाकले होते.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी आत्या आली. आईने तिला दारातच बजावलं, “वन्सं, वजन, जाडी, यातलं अवाक्षर काढायचं नाही.”

“मला काय वेड लागलंय? चप्पल तरी काढू दे.”

आत्याने शब्द पाळला. दुसऱ्यांदा भात घेणाऱ्या भाचीकडे कौतुकाने बघत ती एवढंच म्हणाली, “छान तब्येत सुधारली गं तुझी!”

आपल्या भाषेत या वाक्याचे दोन अर्थ होतात: आजार हटला, किंवा अंग सुटलं. आत्याला पहिला म्हणायचा होता. मुलीने दुसरा ऐकला. “पोट भरलं,” म्हणत ती उठली. आईच्या हातातला डाव तसाच राहिला.

“अगं, मी तब्येतीचं म्हटलं!” आत्या रडकुंडीला आली. “ते पण नाही चालत?”

सकाळी मुलीने दूध बेसिनमध्ये ओतलं आणि नळाचं पाणी पोटात मावेल तेवढं प्यायली. मैदानावर वजनाच्या दिवशी ती पाण्याचा थेंब घेत नसे. तीच युक्ती आता उलटी फिरवली होती. काटा फसला की धावायची परवानगी मिळणार होती.

दवाखान्यात नंबर लांबला. मुलगी पाय आवळून बसली होती, गुडघा थडथडत होता.

“भीती वाटतेय का गं?” आईने विचारलं.

“नाही.”

“मग पाय का हलवतेस? समोरचे काका बघतायत.”

“बघू देत.”

आत काटा तिची वाट बघत होता. पाणी पोटात राहिलं तर उद्या मैदान. पण चीर गेली त्या दिवशीही ती अशीच उपाशी पळाली होती, आणि हाड मोडेपर्यंत तिला काहीच दुखलं नव्हतं. नर्सने पुढचं नाव पुकारायला दार उघडलं, तशी ती ताडकन उठली. आईला वाटलं, ही आता पळून जाते. ती स्वच्छतागृहात गेली.

परत आल्यावर ती काट्यावर चढली नाही. खुर्चीत बसून डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “रात्री अर्धंच जेवले. सकाळी काहीच नाही. पाणी पिऊन आले होते.”

आईचा चेहरा पडला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “धावायचं इतक्यात नाही,” त्या म्हणाल्या. “पुढच्या तपासणीला बघू.”

“मी खरं सांगितलं तरी?”

“खरं सांगितलंस म्हणून मला कळलं, अजून नाही.”

बाहेर येईपर्यंत मुलगी रडली नाही. फाटकाबाहेरच्या बाकावर आईने डबा उघडला: उकडलेली अंडी, पाव, केळं. मुलगी बराच वेळ डब्याकडे बघत राहिली. हात पुढे जाईना.

“आई, तू काहीतरी बोल. माझ्याकडे बघू नकोस.”

“काय बोलू?”

“काहीही. गिऱ्हाइकांचं.”

आईने रस्त्याकडे तोंड केलं. “ते बँकेतले साहेब आहेत ना, त्यांनी पँट शिवायला टाकलीय. आणि म्हणतात, दोन्ही खिसे एकाच बाजूला हवेत...”

“का?”

“तेच तर मी विचारलं,” आई म्हणाली, आणि मान न वळवता बोलत राहिली. मुलीने पावाचा तुकडा मोडला. चावायला तिला फार वेळ लागत होता.